शिल्लक एक

“ओ निगेटिव्हची शेवटची पिशवी आत्ताच गेली,” रक्तपेढीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“असं कसं? इथे एक शिल्लक दाखवतंय!” जावयाने मोबाइल काचेला टेकवला. “आई, साइट तुमचीच ना? सांगा की यांना.”

साइट सुलक्षणाताईंचीच होती. पन्नाशीत व्हिडिओ बघून त्या साइट बनवायला शिकल्या आणि जिल्ह्यातल्या सगळ्या रक्तपेढ्यांचा साठा त्यांनी एका पानावर आणला. पण दर वेळी डेटाबेसमधून आकडे काढताना पान रखडायचं. म्हणून तो एवढासा तक्ता त्यांनी सर्व्हरच्या मेमरीतच ठेवून दिला. दर अर्ध्या तासाने तो ताजा व्हायचा. पान झटक्यात उघडू लागलं, शाल-श्रीफळ मिळालं. अर्ध्या तासात आकडे काही आंबत नाहीत, असं त्या तेव्हा हसून म्हणाल्या होत्या.

लेक बाळंतपणाच्या टेबलावर होती आणि रक्त थांबत नव्हतं. वाटेत दुसरी रक्तपेढी लागली होती. साइटवर तिच्यापुढे शून्य दिसलं, म्हणून दोघांनी गाडी थांबवलीच नाही.

ते शून्यही तितकंच शिळं असणार, हे सुलक्षणाताईंच्या आता लक्षात आलं. त्यांनी तिथे फोन लावला.

“आहेत की दोन पिशव्या,” पलीकडचा माणूस म्हणाला. “मघाशीच आल्या. या तुम्ही, ठेवतो बाजूला.”

“चला, आई!” जावई गाडीकडे धावला आणि मध्येच थबकला. त्याचा मोबाइल वाजत होता. हॉस्पिटलचा नंबर होता.

त्याने तो त्यांच्यापुढे धरला. “तुम्ही घ्या, आई. मला नाही घेववत.”