तिसऱ्यांची एकशिपी

मुलीने टॅबवर बोट ठेवलं. "बाबा, 'आज संपलं' दाबलं की पदार्थ उद्या सकाळी आपोआप परत येतो. म्हणून रोज दाबत बसता तुम्ही. 'कायमचं काढा' दाबा. वेबसाइट, दोन्ही डिलिव्हरी ॲप, भिंतीवरचा टीव्ही, सगळीकडून एकदम जाईल. कुणाला वेगळं सांगायला नको."

तिसऱ्यांची एकशिपी, एका शिंपीसकट शिजवलेले शिंपले, आमच्या खानावळीत फक्त ही करायची. तीन महिन्यांपूर्वी ही गेली, तेव्हा मी एकेकाला फोन करून सांगितलं होतं. प्रत्येकाने "कधी?" विचारलं. प्रत्येकाला मी वेळसुद्धा नीट सांगितली.

मी 'कायमचं काढा' दाबलं. टीव्हीवरून एकशिपी गेली आणि खालची सोलकढी एक ओळ वर सरकली. एवढंच. मला चहा हवासा वाटला.

तेवढ्यात मागच्या दारी डोक्यावरची पाटी उतरवल्याचा आवाज आला. तिसऱ्या विकणारी होती. चार महिने लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, आजच परतली होती. ओलं फडकं बाजूला करत म्हणाली, "भाऊ, वहिनींना हाक मारा. आज चांगल्या मोठ्या मिळाल्यात."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"किती आहेत?" मी विचारलं.

"पाच वाटे."

मी आत गेलो, फळीवरचं हिचं नेहमीचं पातेलं काढलं, पुसलं आणि आणून तिच्यापुढे धरलं.

"ओत सगळ्या."