तीनशे साठ

"साफ खोटं लिहिलंय," निशिकांत म्हणाले, आणि आजूबाजूच्या चार माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्यांदा म्हणाले.

सेरंगूनच्या मॉलमध्ये हौशी मंडळींनी जुन्या अमेरिकन गाड्या मांडल्या होत्या. मधोमध फोर्डचा बहात्तर सालचा लाल पिकअप ट्रक, बॉनेट उघडं. शेजारच्या बोर्डावर ठळक अक्षरांत इंजिन लिहिलं होतं: तीनशे नव्वद, व्ही-एट.

"बाबा, हळू बोला," यशोधन म्हणाला. "ट्रक त्यांचा आहे. त्यांना माहीत नसेल का?"

"नाहीये माहीत! दारावरची पट्टी बघ. चॅसी नंबरातलं चौथं अक्षर वाय. वाय म्हणजे तीनशे साठ. नव्वद असतं तर तिथे एच असता." त्यांनी मुलाच्या तोंडासमोर पंजा उघडला. "पाच इंजिनं यायची याला. सहा सिलिंडरची दोन, दोनशे चाळीस आणि तीनशे. आठची तीन, तीनशे दोन, तीनशे साठ, तीनशे नव्वद. शेवटची दोन बाहेरून जुळी भावंडं, नुसतं बघून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून तर ते अक्षर."

कुवेतच्या गॅरेजात अकरा वर्षं त्यांनी हेच ट्रक उघडले आणि जोडले होते. हल्ली माणसांची नावं निसटत, इंजिनांची नाही.

यशोधनने फोन काढला. सोमवारी वडिलांना मेमरी क्लिनिकमध्ये न्यायचं होतं. जुन्या गोष्टी ते कितपत बरोबर सांगतात हे ताडून बघायला त्याने त्यांच्या कुवेतच्या वहीचे फोटो काढून ठेवले होते.

"ही बघा तुमचीच वही. वाय, थ्री नाइन्टी. तुमच्याच अक्षरात." मग त्याने लहान मुलाला औषध पाजताना काढतात तसा आवाज काढला. "होतं असं, बाबा. या वयात चालायचंच."

आणि तो फोनवर काहीतरी लिहायला लागला.

त्या आवाजाने निशिकांतांचं डोकं फिरलं. त्यांनी फोन हिसकावून घेतला. पडद्यावर इंग्रजीत यादी होती. वर मथळा: बाबांच्या चुका.

एक, गॅस चालू ठेवून खाली फिरायला गेले. दोन, शिरीषकाकांचा ब्लॉक सव्वीस सांगितला, त्यांच्याच चिठ्ठीवर एकोणतीस आहे. तीन, संध्याकाळची सहाची गोळी नऊला घेतली, तक्त्यात स्वतःच तसं लिहिलंय. चार, ट्रकचं इंजिन, आणि पुढे अर्धवट. सगळ्यात खाली एक ओळ आधीच तयार होती. एकट्याने बाहेर जाऊ द्यावं का, डॉक्टरांना विचारणे.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज सकाळी एमआरटी मेट्रोने लिटिल इंडियाच्या बाजारात जायचं, कोथिंबीर निवडून घ्यायची, ओळखीच्या दुकानदाराशी हिंदीत दोन शब्द बोलायचे आणि घरी यायचं. दिवसातला तेवढाच भाग त्यांचा स्वतःचा उरला होता. पोटचं पोर तेवढाही काढून घ्यायला निघालं होतं.

"पाळत ठेवतोस माझ्यावर? चोर आहे मी?"

"बाबा, तुमच्या काळजीपोटीच..."

"चुलीत घाल ती काळजी!"

आरडाओरडा ऐकून ट्रकचा मालक धावत आला. टॅन नावाचा, निशिकांतांच्याच वयाचा माणूस. निशिकांतांनी त्याला इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. इंजिन मूळचंच आहे ना? टॅन म्हणाला, मूळचंच, कधी बदललेलं नाही. निशिकांतांनी दारावरच्या पट्टीवर बोट ठेवलं. टॅनने चष्मा चढवला, सीटवरचं जाडजूड मॅन्युअल आणलं, पानं उलटली आणि कपाळावर हात मारला.

"युवर फादर करेक्ट लाह! बोर्ड राँग."

खिशातलं मार्कर काढून त्याने बोर्डावरच्या नऊवर काट मारली आणि वर सहा लिहिला.

यशोधन अजून वहीचं सोडायला तयार नव्हता. "मग वहीत तुम्हीच चुकीचं लिहिलं असणार."

निशिकांतांनी तो फोटो उघडला, मोठा केला आणि त्याच्या नाकासमोर धरला. निळ्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं: ३६०.

"वाच."

"तीन... नऊ... शून्य."

"सहा आहे तो, गाढवा! सहा!"

यशोधनची सगळी शाळा इंग्रजीत झाली होती. मराठी तो फाडफाड बोले, पण देवनागरी आकड्यांशी त्याचं कधी जमलंच नाही. सहा आणि नऊ तर तो आयुष्यभर अंदाजाने वाचत आला होता. आणि निशिकांत वहीत, चिठ्ठीवर, गोळ्यांच्या तक्त्यात, जिथे तिथे मराठीच आकडे लिहीत.

यशोधनने पुन्हा फोटो बघितला. मग त्याला सव्वीस नंबरचा ब्लॉक आठवला असावा, आणि मग गोळी, कारण त्याचा चेहरा उतरत गेला.

"द्या फोन," तो कसाबसा म्हणाला. "सगळंच पुसून टाकतो."

"खबरदार पुसलंस तर!"

निशिकांतांनी यादी पुन्हा वरून वाचली. पहिल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. परत आल्यावर दार उघडताच आलेला तो वास आठवून त्यांना अजूनही घाम फुटायचा. टॅन बॉनेट मिटायला लागला.

मग त्यांनी फोन मुलाच्या हातात दिला.

"गॅस माझा," ते म्हणाले. "आकडे तुझे. सोमवारी दोघांचा नंबर लाव."