दहा हजार पावलं

विम्याचा हप्ता यंदाही भडकला, तेव्हा निवृत्त टिपणीससाहेबांनी बागेतल्या बाकावर आरोग्यव्यवस्था कशी सुधारायला हवी यावर तासभर भाषण ठोकलं. उठायचा कंटाळा असल्याने एक सुधारणा त्यांना बसल्याजागीच सुचली.

रोज दहा हजार पावलं चालणाऱ्याला कंपनी हप्त्यात सवलत देई, आणि पावलं मोबाइल मोजी. साहेबांनी जुना मोबाइल धुणीभांडी करणाऱ्या कौसाबाईंना कमरेला खोचून फिरायला दिला. सात घरं, चार-चार जिने! सवलत अलगद पदरात पडली.

श्रावणात साहेबांच्या छातीत कळ आली आणि आठवडा अतिदक्षता विभागात गेला. मग कंपनीचं पत्र आलं: 'आपण रुग्णालयात असल्याचे सांगता, त्या आठवड्यात आपण रोज चौदा हजार पावले चाललात. सबब दावा नामंजूर. अशीच प्रकृती सांभाळा.'

"मी मरणाच्या दारात, आणि तुम्ही मोबाइल कसला फिरवत होता?" साहेब कौसाबाईंवर खेकसले.

"मग काय करू, साहेब?" गुडघा चोळत कौसाबाई म्हणाल्या. "तुमची सवलत बुडाली असती ना! दोन दिवस अंगात ताप होता, तरी खाडा केला नाही मी."