मूळ तारीख

सकाळी नवऱ्याने एक काळामिट्ट फोटो दुरुस्तीला दिला. "उजेड तेवढा वाढव, आणि तारीख आजचीच पडू दे," म्हणाला.

फोटो दुरुस्त करणं हेच माझं काम. उजेड वाढवत गेले, तशी आमचीच बैठकीची खोली दिसू लागली. माझ्या खुर्चीत माझी धाकटी बहीण बसली होती. तिच्या खांद्यावर त्याचा हात होता.

निदान कधीपासून चाललंय ते तरी कळू दे, म्हणून मी 'मूळ तारीख ठेवा' या चौकटीत खूण केली आणि फोटो सेव्ह केला.

तारीख पुढच्या महिन्यातली होती.

कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल, अशी मनाची समजूत घालत मी फोटो मोठा केला. त्या दोघांच्या मागे भिंतीवर माझी हार घातलेली मोठी तसबीर होती. तीत मी निळा स्वेटर घालून हसत होते.

तो स्वेटर बहिणीने मला आजच आणून दिला होता. आत्ता तो माझ्या अंगात होता, आणि त्यातला माझा फोटो अजून कोणी काढलाच नव्हता.

"ताई, इकडे बघ," दारातून बहिणीचा आवाज आला. तिच्या मागे नवरा डोळ्याला कॅमेरा लावून उभा होता.

"जरा हस ना."