बटणाची लिफ्ट

कांदिवलीच्या बांधकामावर बटणाची माललिफ्ट आली आणि जुन्या लिफ्टचा दांडा ओढणारा सहदेव घरी बसला. "शेठ, आता ऑपरेटर कशाला?" असं सुचवलं होतं मुकादम दत्तारामनं, त्याच्याच गाववाल्यानं. तेव्हापासून तो सहदेवची चाळ टाळायचा.

आज बटण कुणी दाबलंच नाही, तरी लिफ्ट विटा घेऊन वर गेली, रिकामी खाली आली. दत्तारामनं मेन स्विच पाडला. लिफ्ट चालतच राहिली.

पाया पडून सहदेवला परत आणू, म्हणून तो चाळीत धावला.

सहदेव भिंतीला टेकून गाढ झोपला होता. उजवा हात मात्र हवेत काहीतरी ओढत होता, सोडत होता.

"भावजी," त्याची बायको वनमाला काकुळतीनं म्हणाली, "जेवायला तरी सोडा ना ह्यांना."