सवतीचा टाक

शुक्रवार पेठेतल्या पार्लरमध्ये उत्कर्षा खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सोनाली, केस सगळे सोनेरी कर बघ. काळ्या केसांत मागनं मी सुकन्याताईसारखीच दिसते म्हणतात हे."

सुकन्या म्हणजे तिच्या नवऱ्याची वारलेली पहिली बायको. तिच्या नावाचा चांदीचा टाक उत्कर्षाच्या गळ्यात होता. मेलेल्या सवतीनं धरू नये म्हणून दुसरेपणावर दिलेल्या पोरींच्या गळ्यात असतो तसाच.

"तेवढा टाक काढून ठेवा, वहिनी," सोनाली ब्लीचची पावडर कालवत म्हणाली. "ह्यानं चांदी काळी पडते."

"सासूबाईंनी सांगितलंय, कधीच काढायचा न्हाय."

"तासाभराचं तर काम हाय की. परत घाला."

उत्कर्षानं टाक काढून आरशापुढच्या वाटीत ठेवला.

तासाभरानं सोनालीनं केस धुतले. ओले केस तिच्या हातात मक्याच्या कणसाच्या केसांसारखे पिवळेधमक झाले होते. खूश होऊन तिनं समोर आरशात पाहिलं. आरशातले केस काळेभोर होते आणि पार कमरेच्या खाली पोचले होते.

सोनाली घाईनं टाक उचलायला गेली, तर खुर्चीतल्या बाईनं वाटीवर अलगद हात ठेवला.

"राहू दे की," ती म्हणाली. "सोनेरी तिला पायजे होते."