घंटेपासून गाडीपर्यंत

मुरबाडच्या स्टँडवर हौसा कल्याणच्या गाडीतून उतरली, तेव्हा घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पदर खोचून ती तशीच कंट्रोलरच्या खिडकीशी धावली.

"सिद्धगडाकडची शेवटची गाडी?"

"गेली मावशी. हे काय, पाचच मिनिटं झाली."

"रोज अशी टायमावर सुटते?"

"आपली एसटी ना?" कंट्रोलर हसला. "माणूस धावत येत असलं, की हमखास टायमावर."

हौसाला हसू आलं नाही. दसऱ्यानंतर लागलेल्या शेवटच्या यादीत तिच्या लेकीला, रेश्माला, कल्याणपलीकडचं सरकारी डीएड कॉलेज मिळालं होतं. फी नावापुरती, पण मुलींना राहायची सोय नाही. मुरबाडच्या खासगी कॉलेजची गाडी थेट गावाच्या फाट्यावर यायची. पण फी चाळीस हजार, आणि चाळीस हजार म्हणजे ओढ्याकाठचं खाचर. दोन दिवस घरात कुणाला घास गोड लागला नव्हता. शेवटी नवरा, कोंडू, म्हणाला होता, "सांजची गाडी गावत असंल तर सरकारी. नायतर खाचर इकू. पोर काय अंधाराची चालायची नाय."

"मंग मीच एक दिवस जाऊन येते," हौसा म्हणाली होती. आज कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून तिनं साडेचारची घंटा आपल्या कानांनी ऐकली, आणि मगच पाऊल उचललं.

पाच मिनिटं. पोरीचे पाय तरणे खरे, पण कल्याणची गाडी काही पोरीच्या पायांनी चालत नाही.

ती रानवाटेनं निघाली. दोन कोस. खडीच्या खाणीपाशी ट्रकवाले पत्ते कुटत बसले होते. तिला बघून गप्प झाले, ती पुढं गेल्यावर हसले. साकवाचा कठडा एका बाजूनं तुटला होता. पाड्यावरची कुत्री अंगावर आली, तेव्हा तिनं दगड उचलला. प्रत्येक ठिकाणी तिला स्वतःच्या जागी रेश्मा दिसत होती, छातीशी वह्या धरलेली.

मग खाचर लागलं. भात पिवळं होऊन झुकलं होतं. तिनं एक लोंबी हातात घेतली, सोडून दिली. ओढ्यात उतरून पाय घासून घासून धुतले. तोंडावर पाणी मारलं आणि घराकडे वळली.

ओटीवर दोघंही वाट बघत होती. रेश्मा उठून उभीच राहिली. "आये, गावली गाडी?"

"गावली गो. रखडत आली, पर गावली."

रेश्मानं आईला मिठी मारली आणि चहा टाकायला आत पळाली.

कोंडूची नजर हौसाच्या पायांकडे गेली. फाट्यापासून घरापर्यंत डांबरी रस्ता होता, आणि हौसाच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत कुसळं भरली होती.

तो खाली बसला. दोन-चार कुसळं उपटून काढली. मग उठून खुंटीवरची बॅटरी घेतली, पेटवून भिंतीवर धरली. उजेड पिवळा, मिणमिणता पडला.

"उद्या नवे सेल आणतो," आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो म्हणाला. "स्टँडवर कितीला येऊन उभा राहू?"